तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे

पंधरा ऑगस्ट. थेसालोनिकीत चिटपाखरू नाही.
छत्र्या, सासवा, टरबुजं गाडीत कोंबून
जो तो समुद्रावर गेलाय.
ड्यूटीवर दोघेच: एक ऊन,
आणि एक मी, लिफ्टवाला.

फोन आला कासांद्रू रस्त्यावरून.
मोपेडची सीट तव्यासारखी, उभ्यानंच चालवत आलो,
दाराची पितळी मूठ रुमालानं धरून उघडली.
जिन्यात थोडा गारवा, आणि वरून आवाज:
"ओरडू नकोस बाबा, बहिरी नाही मी,
नुसती अडकलेय."

चौथ्या मजल्याचं दार उघडलं.
खाली, माझ्या बुटांपाशी, वीतभर फट.
फटीत पांढरा अंबाडा, घामानं चिंब,
आणि दोन डोळे, जराही न घाबरलेले.
मारिगोबाई. वय एकोणऐंशी.
हातात किलोभर आइस्क्रीम
आणि दोरीनं बांधलेलं खोकं.

म्हटलं, वर मोटारीच्या खोलीत जातो,
हातानं चाक फिरवतो,
दहा मिनिटांत बाहेर काढतो तुम्हाला.
"दहा मिनिटांत याचं दूध होईल.
चौदा दिवस उपास केलाय मी.
साय नाही, लोणी नाही, अंड्याचं नाव नाही.
आज देवमातेचा सण, माझ्या नावाचा दिवस.
नाव जिचं, खाऊ घालणं तिचं.
बस खाली."

कंपनीच्या नियमात हे कुठे बसत नाही.
मी बसलो.

फटीतून आधी प्लास्टिकचा चमचा आला,
मग दोन बोटांत धरलेला त्रिकोण:
आत गार दाट क्रीम, बाहेर पापुद्रे,
पाकात बुडूनही कुरकुरीत, कसे कोण जाणे.
चावलो, तर चुरा थेट त्यांच्या डोक्यावर.
"पडू दे. लग्नात तांदूळ असेच पडले होते.
तेव्हाही मी अशीच घामाघूम."

आइस्क्रीमचा डबा फटीतून येईना.
मग त्या टाचा उंचावून चमचा वर धरायच्या,
आणि मी पालथा पडून तोंड पुढे करायचो,
त्रेचाळीस वर्षांचा बाप्या,
उलट्या घरट्यातलं पिल्लू.
रुमी मस्तकीचा वास, सालममिश्रीचा चिवटपणा.
ते पांढरं तुटता तुटेना,
माझी दाढी आणि त्यांचं मनगट
यांच्या मधे त्याची एक तार
लांबली, चकाकली, तुटली.
एक चमचा मला, दोन त्यांना. हिशेब चोख.

मधेच त्या गप्प झाल्या.
चक्कर आली की काय?
"मारिगोबाई?"
"श्श. अजून जिभेवर आहे."

मग मी विचारलं, एवढं कुणासाठी?
"बिल्डिंगसाठी. तळमजल्यापासून दारं वाजवत निघाले.
नोटरीकडे कुलूप, शिंपिणीकडे कुलूप,
त्या ट्रम्पेटवाल्या पोराकडेसुद्धा कुलूप."
चमचा चाटून झाल्यावर म्हणाल्या,
"बरंच झालं."

गच्चीच्या दारातून ऊन
एकेक पायरी उतरत होतं आमच्याकडे.
एक्केचाळीस अंश, रेडिओवर सांगितलेलं.
शर्यतच ती: डबा आम्ही आधी संपवतो, की ते.
त्याला फार मिळालं नाही. तळाशी जे वितळलं
ते त्यांनी डबा ओठाला लावून, डोळे मिटून,
आवाज करत प्यायलं.

मग मी वर गेलो. चिकट हातांनी चाक फिरवलं.
लिफ्ट कण्हत चौथ्यावर आली.
त्या बाहेर पडल्या, केसांत पापुद्र्यांचा चुरा,
आभार वगैरे काही नाही;
उरलेला एक त्रिकोण माझ्या हत्यारांच्या पेटीत
दोन पान्यांच्या मधे नीट बसवला,
आणि किल्ली शोधत घराकडे वळल्या.

फॉर्म भरला. लागलेला वेळ: पाऊण तास.
बिघाडाचं कारण:
इथे अंगठ्याचा डाग पडला, पाकाचा.
त्याच्या शेजारी लिहिलं, उष्णता.

बारा नंबरचा पाना
पुढे तीन दिवस हाताला चिकटत होता.
पुसला नाही.